रिकामा डबा देता येत नाही

आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या बरणीशेजारी, एक स्टीलचा डबा आठ महिने पडून होता. तो आमचा नव्हता, समोरच्या काकूंचा होता. आई गेली त्या दुपारी, सगळी माणसं स्मशानातून परतल्यावर, काकू त्यातून पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मला भिंतीला टेकवून बसवलं, आपल्या हातानं दोन घास भरवले आणि म्हणाल्या, "खा बाई. रडायला बी ताकद लागती." मी खाल्लं. डबा घासून फळीवर ठेवला आणि तिथून पुढे सगळं बिनसलं.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. आई निदान चिमूटभर साखर तरी टाकायची. आमच्या शेवगावात आजही कुणी रिकामा डबा हातात दिला तर बाई तोंडानं काही बोलत नाही, पण झाकण उघडून बघते आणि हळूच लावते. त्या झाकण लावण्यात सगळं येतं. सुतकाच्या घरातून कुणाकडे काही जात नाही, त्यामुळे पहिले तेरा दिवस प्रश्नच नव्हता. चौदाव्या दिवसापासून होता.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारणाऱ्यांना मी ज्या तोंडानं उत्तर देते त्यामुळे आता कुणी विचारत नाही. आई शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर ती स्वयंपाक करायची आणि मी कर्त्या मुलासारखी ताट समोर आलं की जेवायची. पुण्याची नोकरी मी घरी बसून करत होते, एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, हे माझ्या स्वभावाला फार मानवलं. पोळी मात्र मला धड लाटता येत नव्हती.

पंधराव्या दिवशी मी शिरा केला. खाली लागला. पुढच्या आठवड्यात बेसनाचे लाडू वळायला बसले, ते वळेचनात. बाजारातून पेढे आणून भरावेत, तर काकूंच्या हाताची चव सगळ्या गल्लीला माहीत. त्यांच्या डब्यात विकतचं घालणं मला बरं दिसेना. साखर घालावी, तर पंधरा दिवसांनी नुसती साखर? महिना गेला तेव्हा वाटलं, आता महिन्याच्या मानानं काहीतरी हवं. दसरा गेला. दिवाळी आली. उशीर वाढत गेला तसं डब्यात घालायचा पदार्थ मोठा होत गेला, आणि संक्रांतीपर्यंत माझ्या डोक्यात तो पुरणपोळीपर्यंत जाऊन पोचला, जी मी या जन्मात करू शकणार नव्हते.

तोवर मी तोंड चुकवायला लागले होते. पुढचं दार लावून मागच्या दारानं ये-जा सुरू केली. भाजी आणायला काकू दुपारच्या झोपल्या असतील अशा वेळी जायचं. दिवाळीत त्यांनी कडी वाजवली तेव्हा मी घाईघाईनं कानाला हेडफोन लावला आणि कॉम्प्युटरच्या बंद पडद्यासमोर मोठ्यानं "येस, येस, शुअर" म्हणत बसले. पलीकडे कुणी नव्हतं. काकू थोडा वेळ थांबल्या आणि गेल्या. त्या वेळी आपण सुटलो असं मला वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत मी रोज ज्यांच्याशी बोलायची ती माणसं खेळातली होती.

तो एक ऑनलाइन खेळ आहे. फार मोठा नाही, फुकट आहे, आणि चार देशांतली हौशी माणसं मिळून तो चालवतात. खेळणारा एक पात्र घेतो, गावागावांतून, जंगलांतून फिरतो, लढतो, मरतो, पुन्हा उठतो. त्या पात्राच्या पिशवीत वस्तू असतात. वस्तूवर बोट ठेवलं की 'वापर' असं बटण येतं. ते दाबल्यावर पुढे काय होणार, हे कुणाला तरी लिहून ठेवावं लागतं. मशाल असेल तर उजेड किती वेळ पडणार, जखमेवरचा पाला किती जखम भरणार, शिंग फुंकलं तर किती लांबपर्यंत ऐकू जाणार. हे लिहिणारी मी. पुण्यात असताना नुसती खेळायचे, मग एकदा एका औषधाच्या बाटलीतली चूक काढून त्यांना कळवली आणि त्यांनी सगळ्या बाटल्याच माझ्या गळ्यात घातल्या.

काम सोपं वाटतं आणि तसं नसतं. प्रत्येक वस्तूला तीन गोष्टी विचाराव्या लागतात. ही आत्ता वापरता येते का? वापरली तर काय बदलतं? आणि वापरून झाल्यावर ती उरते की संपते? तिसरा प्रश्न नवे लोक विसरतात. मग एखाद्याच्या पिशवीत अशी भाकरी राहते जी कितीही खाल्ली तरी संपत नाही, आणि दोन दिवसांत अख्ख्या खेळात भूक नावाची गोष्ट उरत नाही.

लिहिलेली वस्तू तपासायला दोन पात्रं लागतात, एक देणारं आणि एक घेणारं. माझं दुसरं पात्र म्हणजे आई. जुना लॅपटॉप तिच्यापुढे ठेवून मी तिला एक म्हातारी बाई करून दिली होती, हिरव्या लुगड्यातली, गावच्या विहिरीपाशी उभी. चाचणीची जी प्रत आम्ही वापरायचो तीत मी तिच्यासाठी सगळ्या सूचना मराठीत घातल्या होत्या. मी माझ्या खिडकीतून वस्तू दिली की तिच्या पडद्यावर यायचं, 'घ्यायचं का?' आणि ती चष्मा वर करून, मी हातभर अंतरावर बसलेली असताना, विचारायची, "घेऊ का गं?"

"अगं घेऊ का म्हणजे काय, त्यासाठीच दिलंय."

"विचारलेलं बरं. आणि आता ही भाकरी खाऊ का?"

"नको, खायचं बटण अजून झालेलं नाही."

"मग राहू दे. लागली तर होईल."

चार वर्षं हे चाललं. जेवणं झाल्यावर भांडी घासून ती पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "चला, काय घ्यायचंय आज?" ती आजारी पडली आणि चाचण्या थांबल्या. ती गेल्यावर मी तो लॅपटॉप उघडला नाही. चाचणीचं काम मी खेळातल्या इतरांवर टाकलं.

संक्रांतीच्या सुमारास खेळाच्या प्रमुखानं नवीन काम दिलं. हा प्रमुख कुठल्यातरी थंड देशात राहतो. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. वाक्यं छोटी लिहितो आणि चिडत नाही, म्हणून आमचं जमतं. त्याला खेळणाऱ्यांनी एकमेकांना जेवण द्यावं असं काहीतरी हवं होतं. लोक नुसते एकटे हिंडतात, कुणाचं कुणाशी काम पडत नाही, असं त्याचं म्हणणं. मी डबा लिहिला. एकानं रांधायचं, डब्यात भरायचं, दुसऱ्याला द्यायचं. त्यानं खाल्लं की अन्न संपतं, डबा उरतो, आणि तो ज्याचा त्याला परत द्यायचा. कुठूनही बटण दाबलं की डबा मालकाच्या पिशवीत पोचणार. हे सगळं लिहिताना मी एक ओळ घातली. डबा रिकामा असेल तर तो परत जाणार नाही. वर सूचना येईल, 'रिकामा डबा देता येत नाही.'

ती ओळ लिहिताना मी विचारसुद्धा केला नाही. दार उघडण्याआधी कडी काढावी लागते, तितकी ती मला उघड वाटली.

दोन दिवसांत तक्रारी यायला लागल्या. एकानं लिहिलं, जेवण छान होतं पण डबा हातातून सुटत नाही. दुसऱ्याच्या पिशवीत चौदा रिकामे डबे साठले होते आणि तलवार ठेवायला जागा नव्हती. एक बाई वाळवंटात अडकली होती. जवळ खायला काही नाही, आणि डबे तेवढे पाच. तिनं भलामोठा मजकूर लिहून मला मूर्ख म्हटलं. मी उलट लिहिलं की यात चूक काही नाही, तुम्हालाच डबे परत करायची रीत माहीत नाही, एखादं बोर टाका की त्यात. तिनं विचारलं, बोर कशाला? मी लिहिलं, कशाला म्हणजे? इथं आमचं गाडं अडलं. मी आठ दिवस सगळ्यांशी भांडले. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी मी, माझ्या ओळीत चूक आहे हे मला कुणी पटवून देऊ शकलं नाही. शेवटी प्रमुखानं सगळ्यांना गप्प केलं आणि ओळ तशीच राहू दिली, पण ते माझ्यावरच्या भरवशानं. त्यालाही काही ते कळलेलं नव्हतं.

वैशाखात दूध घालणाऱ्या बाईनं मागच्या दाराशी सांगितलं, "काकू चालल्या की. पोरगा पुन्याला न्यायला येनार हाय शुक्रवारी. घर बी भाड्यानं दिलं." ती सांगून सायकल घेऊन निघूनही गेली. मी पातेलं हातात घेऊन उभी होते आणि दूध उतू जायला काही तापत नव्हतं, तरी मी गॅसकडे बघत राहिले. शुक्रवारला चार दिवस होते. आई गेल्यावर मला 'जेवलीस का' विचारणारं या गावात एकच माणूस उरलं होतं, आणि मी आठ महिने त्या माणसापासून लपत होते. शुक्रवारनंतर लपायचीही गरज उरणार नव्हती.

मंगळवारी मी पुन्हा लाडू करून पाहिले. बुधवारी शेंगदाण्याची चिक्की केली, ती ताटाला अशी चिकटली की ताटच भिजत घालावं लागलं. त्या दोन दिवसांत मी समोरच्या घरातून सामान बांधल्याचे आवाज ऐकत होते, पत्र्याच्या पेट्या ओढल्याचे, भांडी गोणीत भरल्याचे. मला सारखं वाटत होतं की पळत जावं. आणि प्रत्येक वेळी फळीवरच्या त्या डब्याकडे बघून पाय अडायचे.

गुरुवारी सकाळी प्रमुखाचा निरोप आला. एका नव्या मुलीला डब्याचा मजकूर दुसऱ्या भाषेत लिहायचा होता आणि तिची एक शंका होती. डबा रिकामा नाही असं धरायला त्यात कमीत कमी किती हवं? तुझ्या ओळीत आकडा दिसत नाही.

मी ओळ उघडून पाहिली. खरंच नव्हता. मी फक्त 'रिकामा नसावा' एवढंच लिहिलं होतं. मी उत्तर टाइप केलं: एक. एक दाणा साखर असली तरी चालेल.

ते पाठवलं आणि मी खुर्चीतच बसून राहिले. जगातल्या सगळ्या अनोळखी माणसांना मी एका दाण्यावर सोडत होते. वाळवंटातल्या त्या भांडकुदळ बाईला बोरावर. आणि स्वतःला पुरणपोळीशिवाय सोडायला तयार नव्हते. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मला रागानंच रडू येतं, दुःखानं क्वचित.

शुक्रवारी सकाळी सात वाजता टेम्पो गल्लीत उलटा लावलेला होता. मी डब्यात साखर घातली, झाकण लावलं, कित्येक महिन्यांनी पुढच्या दाराची कडी काढली आणि रस्ता ओलांडला. रस्ता बारा पावलांचा आहे.

काकू ओट्यावर एका बोचक्यावर बसल्या होत्या. त्यांचा मुलगा टेम्पोत चढून दोर आवळत होता. मी डबा पुढे केला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. झाकण उघडलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत खाली त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांनी चिमूटभर साखर घेतली आणि जिभेवर ठेवली.

"एवढ्यासाठी थांबली हुतीस व्हय?"

मी म्हटलं, "मला काही येत नाही करायला, काकू. लाडू केले ते मोडले. रिकामा कसा आणायचा?"

"आगं रिकामा आनला असतास तर काय झालं असतं?" त्यांचा आवाज चढला. "डबं लई हायेत माझ्याकडं. त्या डब्याला काय करायचं हाय? तू यायला पायजे हुतीस."

त्यांनी मुलाला हाक मारली, "ती निळी गोनी काढ रं वरनं." तो वैतागला, कारण ती गोणी तळाशी गेली होती, पण त्यानं काढली. काकूंनी भांड्यांत हात घालून एक छोटा डबा बाहेर ओढला. झाकणाला एका बाजूला पोचा. तो पोचा मी ओळखला. पाचवी-सहावीत असताना मीच तो डबा जिन्यावरून पाडला होता. आमचा डबा. तो घरात नाही हे आठ महिन्यांत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"तुझ्या आईनं दवाखान्यात जायच्या आधी जवसाची चटनी दिल्ती यातनं. मग परत कुनाला देऊ मी? तुलाच ना? दिवाळीला करंज्या भरून आले, तू आत कुनाशी बोलत हुतीस. संक्रांतीला तिळगूळ भरून आले, दार लावलेलं. पाडव्याला बी आले. दर बारीला घरी येऊन आमीच खाल्लं." त्यांनी झाकणावरच्या पोच्यावरून अंगठा फिरवला. "म्हनलं, पोरीला आता आपन नको असू."

"मी कुणाशी बोलत नव्हते, काकू," मी म्हटलं. "तेव्हा आत कुणी नव्हतं."

त्यांनी मान हलवली. कळलं की नाही, माहीत नाही. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं. स्वयंपाकघर गोण्यांत गेलं होतं, चूल नाही, डबे नाहीत, घरात घालण्यासारखा एक दाणा उरला नव्हता. त्यांनी मी आणलेल्या डब्यातली अर्धी साखर आईच्या डब्यात ओतली, झाकण दाबून बसवलं आणि माझ्या हातात दिला. "घे. जेवत जा."

टेम्पो निघाला तेव्हा त्या पुढे मुलाशेजारी बसल्या होत्या आणि मांडीवर त्यांचा डबा होता. पुण्याला ये म्हणाल्या, मी येते म्हटलं. पुण्याला येते असं आम्ही सगळेच सगळ्यांना म्हणतो. टेम्पो बाजारपेठेकडे वळल्यावर मी परत बारा पावलं चालून घरी आले.

त्याच दुपारी मी ती ओळ काढून टाकली. आता डबा रिकामाही परत देता येतो. पण त्या जागी मी दुसरी अट घातली. कुठूनही बटण दाबून तो पाठवता येणार नाही. ज्याचा डबा आहे त्याच्यापाशी चालत जायचं, दोन पावलांच्या आत उभं राहायचं, तरच 'परत दे' हे बटण चालेल. लांबून कुणी प्रयत्न केला तर सूचना येईल. आणि परत द्यायचा डबा रिकामा असेल तर घेणाऱ्याला तसं सांगून विचारलं जाईल. ते लिहून झाल्यावर चाचणी करायची वेळ आली, आणि त्या दिवशी ती मला दुसऱ्या कुणावर टाकावीशी वाटेना.

मी जुना लॅपटॉप कपाटातून काढला. चार्ज व्हायला वेळ लागला. खिडकी उघडली तर हिरव्या लुगड्यातली म्हातारी विहिरीपाशीच उभी होती, आई आजारी पडण्याआधी जिथं सोडली होती तिथं. तिची पिशवी उघडून पाहिली. चार वर्षांत मी तिला दिलेलं सगळं त्यात होतं. भाकऱ्या, मशाली, पाल्याच्या जुड्या, औषधाच्या बाटल्या. तिनं एकही वस्तू वापरलेली नव्हती. खायचं बटण कधीचं झालं होतं. ते झालं हे तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

तिच्या नावावर एक डबा केला, माझ्या पात्राच्या पिशवीत तो रिकामा ठेवला आणि माझ्या खिडकीतून 'परत दे' दाबलं. वर मीच लिहिलेली सूचना आली. 'तुम्ही फार लांब आहात. जवळ जा.'

माझं पात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेशीबाहेर उभं होतं. मला त्याला एका क्षणात तिथं नेऊन ठेवता आलं असतं, तेवढे अधिकार मला आहेत. मी चालत नेलं. वेस, बाजार, पार, मग उतार. विहिरीपाशी पोचून तिच्यापासून दोन पावलांवर थांबवलं आणि पुन्हा 'परत दे' दाबलं.

शेजारच्या लॅपटॉपवर आईच्या खिडकीत मराठीत प्रश्न आला, 'डबा रिकामा आहे. घ्यायचा का?'

मी सवयीनं थोडी थांबले, ती विचारेल म्हणून. मग खुर्ची सरकवून पलीकडे वाकले आणि 'घे' दाबलं.